नवीन 10 मीटर एअर पिस्तूल: रात्रीत प्रेशर उतरतं, शॉट खाली पडतात

सांगली_नेमबाज
नमस्कार मंडळी. नुकतंच घेतलेलं प्रीचार्ज (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) एअर पिस्तूल आहे, 4.5 मिमी, युरोपियन बनावट, 200 बारचा सिलिंडर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बिघाड कशात आहे हेच अजून ठरलेलं नाही. लक्षणं दोन.

एक, संध्याकाळी हातपंपाने 200 बार भरून सिलिंडर पिस्तुलाला लावून ठेवला की सकाळी गेज 170 च्या आसपास असतं. दोन, ग्रुप आडवा घट्ट आहे, पण उभा ताणला जातो. दहा शॉटमधले तीन-चार सरळ खाली, सहा वाजताच्या दिशेला 8 गुणांच्या वर्तुळात जातात. विक्रेता म्हणतो, "नवीन आहे, 500 शॉट झाले की बसेल." रेंजवरचा एक जण म्हणतो की रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग) गेला, उघडून वॉशर बदल. उघडू का? वॉरंटी चालू आहे.

दाबमापक
उघडू नका. वॉरंटी हे एक कारण झालं. दुसरं असं, की उघडल्यावर मूळ दोष कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही आणि सर्व्हिस सेंटरलाही नाही. आधी मोजा.

ही दोन लक्षणं एकाच दोषाची आहेत असं धरून चालू नका. आधी प्रेशरचं बघू.

200 चे 170 झाले म्हणजे 30 बार गळाले असं होत नाही. हवा दाबली की तापते, आणि पंपाने झपाझप भरलं तर सिलिंडर हाताला चांगलाच गरम लागतो. आतली हवा 45 अंशावर असताना गेज 200 दाखवत असेल, तर ती 27 अंशावर आल्यावर साधारण 189 दाखवणारच. हिशोब केल्व्हिनमध्ये करायचा: 200 गुणिले 300 भागिले 318. म्हणजे तुमच्या 30 पैकी 11 बार नुसते निवण्यात गेले असू शकतात. त्यात सिलिंडरवरचं गेज नाण्याएवढं, त्यावर 5-10 बार इकडेतिकडे वाचले जाणं सहज शक्य आहे. तरी 10-15 बार उरतात. नव्या पिस्तुलात रात्रीत तेवढे जायला नकोत. तेव्हा गळती आहे असं धरू, पण ती किती आणि कुठून ते शोधू.

त्यासाठी गेज विसरा आणि वजनकाटा घ्या. 0.1 ग्रॅम दाखवणारा, 500 ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा पुरतो. सिलिंडरची आतली जागा 100 मिलिलिटर धरली तर दर 10 बारला सुमारे 1.2 ग्रॅम हवा असते. वजनाला तापमानाशी देणंघेणं नाही, म्हणून हे माप खोटं बोलत नाही. पद्धत अशी:

पहिल्या रात्री सिलिंडर भरा, तासभर निवू द्या, पिस्तुलाला न लावता त्याचं वजन करा आणि कपाटात ठेवा. सकाळी पुन्हा वजन. दुसऱ्या रात्री निवलेल्या सिलिंडरचं वजन करून तो पिस्तुलाला लावा, एकही शॉट न मारता रात्रभर ठेवा, सकाळी काढून वजन. लावताना-काढताना जी थोडी हवा फुसकन जाते ती वेगळी मोजून घ्या: लावा, लगेच काढा, वजनातला फरक लिहून ठेवा आणि दुसऱ्या रात्रीच्या आकड्यातून वजा करा.

सुटा सिलिंडरच हलका झाला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा गेजच्या बैठकीत. सुटा ठेवल्यावर वजन टिकलं आणि लावल्यावर घटलं, तर जोडणीची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), रेग्युलेटर किंवा फायरिंग व्हॉल्व्ह (शॉटच्या वेळी हवा सोडणारी झडप).

करवीर_रेंज
वरचं सगळं पटलं. मी शॉट खाली जाण्याबद्दल लिहितो, कारण तिथे लोक हमखास चुकीच्या जागी बोट ठेवतात.

आधी आकडे. या पिस्तुलांचा वेग सेकंदाला 150 मीटरच्या आसपास असतो. हवेचा विरोध सोडून दिला तर 10 मीटर जायला 0.067 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात छर्रा सुमारे 22 मिमी खाली येतो. साइट त्या हिशोबाने लावलेली असते. आता वेग 140 झाला तर घसरण 25 मिमी, म्हणजे फरक फक्त 3 मिमी. टार्गेटवर एका गुणाचं अंतर 8 मिमी आहे, तेव्हा वेगातला 10 मीटरचा फरक अर्ध्या गुणाचाही होत नाही. तुमचे शॉट 8 वर जातात, म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून किमान 16 ते 24 मिमी खाली. केवळ वेगामुळे तेवढं खाली जायचं तर वेग 110 च्या आसपास उतरायला हवा. तसं झालं असतं तर आवाज स्पष्ट बदलला असता आणि शेजारच्या लेनवाल्यानेही विचारलं असतं.

म्हणून रेग्युलेटरवर संशय घ्यायच्या आधी स्क्रू बघा. कारखान्यातून आलेलं पिस्तूल विमानाने, ट्रकने हादरे खात येतं. ढिलं काय होऊ शकतं? माशी, म्हणजे पुढची साइट. मागच्या साइटचं पान. नळीवरचं जॅकेट, ज्यावर माशी बसवलेली असते. आणि ग्रिपचा मुख्य बोल्ट. शेवटचा सर्वात फसवा. ग्रिप केसभर जरी हलत असेल तरी मनगटाला ते कळत नाही, आणि शॉट नेमका उभा पसरतो.

तपासताना सिलिंडर काढा, लिव्हर उघडा, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घाला. माशी दोन बोटांत धरून आडवी-उभी हलवून बघा. बरोबर मापाची अॅलन की घ्या, मिमीची, इंची नको, नाहीतर स्क्रूचं डोकं गोल होतं. घट्ट करताना चावीचा आखूड दांडा हातात धरायचा म्हणजे जोर जास्त लागत नाही. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. थ्रेडला गोंद लावू नका, निदान वॉरंटी असेपर्यंत.

अजून एक, मझलचा, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडावरचा कम्पेन्सेटर (शॉटची हवा वळवून पिस्तुलाचा उठाव कमी करणारा भाग). त्याच्या आत टॉर्च मारा. शिशाचा करडा थर सगळीकडून सारखा असेल तर ठीक. एकाच बाजूला चकचकीत ओरखडा असेल तर छर्रा बाहेर पडताना तिथे घासतोय. तसं असेल तर हात न लावता फोटो काढा. हा सरळ वॉरंटीचा दोष आहे.

सांगली_नेमबाज
माशी घट्ट आहे. ग्रिप मात्र बोल्टवर किंचित हलते, बोटाने दाबल्यावर जाणवतं. घट्ट केली. आज रात्रीपासून वजनं. तोपर्यंत विचारतो: पिस्तुलाचा दोष आणि नेमबाजाचा दोष वेगळा कसा करायचा?

करवीर_रेंज
टेकू देऊन. टेबलावर वाळूची पिशवी, त्यावर फ्रेम किंवा ग्रिपचा खालचा भाग. नळी आणि सिलिंडर कशालाच टेकता कामा नये. सिलिंडर शिकंज्यात धरू नका, कधीच नाही. त्यावर उमटलेली खूण म्हणजे 200 बारच्या भांड्याला पडलेला डाग, पुढे तो वापरण्याजोगा राहत नाही.

बॉक्समध्ये कारखान्याचं टेस्ट कार्ड असेल तर काढून ठेवा. त्यावर शिकंज्यातून मारलेले शॉट जवळपास एकाच छिद्रात असतात. ते तुमचं प्रमाण. टेकूवरून पाच-पाच शॉटचे चार ग्रुप, प्रत्येक ग्रुपला नवा कागद. हाताने धरल्यावर उभा ताण येतो आणि टेकूवर येत नाही, तर पिस्तूल निर्दोष. टेकूवरही येतो, तर छर्रे बदलून बघा. त्याच कंपनीचा, त्याच वजनाचा, पण 4.49 आणि 4.50 असा डोक्याचा व्यास वेगळा असलेला छर्रा एखाद्या नळीला चालतो, दुसरा चालत नाही.

आणि नळी पुसली का? नव्या नळीत गंज लागू नये म्हणून तेल असतं. ते राहिलं तर सुरुवातीचे शॉट भरकटतात. ओढदोरीने ब्रीचकडून (नळीच्या मागच्या तोंडाकडून) मझलकडे फेल्टचे दोन-तीन छर्रे, शेवटचा कोरडा बाहेर येईपर्यंत. पितळी ब्रश नळीत घालू नका.

रत्नागिरीकर
हातपंपाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हातपंपाने सिलिंडर भरणं म्हणजे आत पाणी भरणं. हवा 200 पट दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडते. पंपाला वाळवणारा फिल्टर नसेल, किंवा त्यातल्या सिलिका जेलचा रंग बदललेला असेल, तर ते पाणी सिलिंडरमध्ये आणि तिथून रेग्युलेटरच्या बैठकीवर जातं. तिथे बारीक गंज किंवा पांढरी पूड बसली की रेग्युलेटर नीट बंद होत नाही. सांगलीत दमटपणा कमी, पण पावसाळ्यात तिथेही फरक पडतोच.

पंप मारताना दर 50 बारला थांबा, ब्लीड स्क्रू (दाब सोडायचा स्क्रू) उघडून पाणी सोडा, पाच मिनिटं पंप निवू द्या. निवत निवत भरल्याने वर दाबमापक यांनी सांगितलेली खोटी घसरणही कमी होते. जमलं तर हातपंप सोडाच. रेंजवर डायव्हिंगचा मोठा सिलिंडर असतो, त्यातली हवा कॉम्प्रेसरवर वाळवून भरलेली असते. व्हॉल्व्ह हळू उघडायचा, गेजचा काटा सावकाश चढला पाहिजे.

वायूबद्दल मात्र तडजोड नाही. फक्त हवा. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी नाही. दाबातला ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब भेटले की स्फोट होतो. त्याच कारणाने सिलिंडरच्या किंवा पंपाच्या तोंडाला शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-40, गाडीचं ग्रीस यातलं काही लावायचं नाही. शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर चकाकी येईल इतकंच.

दाबमापक
रत्नागिरीकर, ग्रीसबद्दल +1. त्यात टेफ्लॉन टेपचं जोडतो. गळती दिसली की नळाला गुंडाळतात तशी टेप सिलिंडरच्या आट्यांवर गुंडाळणारे आहेत. तिथे हवा आटे अडवत नाहीत, ओ-रिंग अडवते. टेपने सिलिंडर पूर्ण बसत नाही, गळती वाढते, आणि टेपचे तुकडे आत जाऊन रेग्युलेटरच्या छिद्रात अडकतात.

उन्हाबद्दलही सांगतो. 25 अंशावर 200 बार भरलेला सिलिंडर नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद गाडीत 60 अंशांवर गेला तर आत 223 बार होतात. सिलिंडर त्याहून बऱ्याच जास्त दाबाला तपासलेला असतो, लगेच फुटणार नाही, पण रोज तसं करायचं नसतं. लांब न्यायचा असेल तर 150 पर्यंतच भरा. सिलिंडरवर कोरलेली तारीखही बघा. मुदत उत्पादक ठरवतो, बहुतेकांची 10 वर्षं असते. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी खेळाडूवरच आहे. नवीन पिस्तुलासोबत दुकानात पडून राहिलेला जुना सिलिंडर आला असेल तर तुमची दोन-तीन वर्षं आधीच गेली. तो बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे.

स्नेहल_10एम
धागा उपयोगी आहे. याच जातीचा वेगळा प्रश्न विचारते. नव्या पिस्तुलात कधीकधी लिव्हर बंद करून ट्रिगर दाबला की टक आवाज येतो, छर्रा सुटत नाही. पुन्हा लिव्हर उघडून पाहिलं तर छर्रा नळीतच. पिस्तुलात मेकॅनिकल ट्रिगर आहे.

करवीर_रेंज
स्नेहलताई, पहिली गोष्ट: छर्रा नळीत असताना दुसरा छर्रा मागून घालून "ढकलून" बघू नका. दोन्ही अडकतात. सिलिंडर काढा, लिव्हर उघडा, साफसफाईच्या सरळ दांडीने मझलकडून हळू मागे ढकला. दांडी प्लास्टिकचं आवरण असलेली हवी, कारण नळीचं तोंड खरवडलं तर नळी गेली.

आता कारणं. बहुतेक वेळा ड्राय फायरचा (हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबायच्या सरावाचा) खटका सरावाच्या बाजूला राहिलेला असतो. बंद-चालू यांच्या मधोमध अडकलेला असेल तर कधी सुटतो, कधी नाही, तुम्ही लिहिलंय तसंच. तो शेवटपर्यंत दाबून बघा.

तो ठीक असेल तर लिव्हर. काही पिस्तुलांत लिव्हर पूर्ण, अगदी टोकापर्यंत उघडला तरच हातोडी चढते. अर्धवट उघडून छर्रा घालायची सवय असेल तर कधी चढते, कधी नाही. दहा वेळा मुद्दाम पूर्ण उघडून मारून बघा.

तरीही होत असेल तर सिअरची (चढवलेली हातोडी अडवून धरणाऱ्या भागाची) पकड कमी ठेवली गेली असेल. हा स्क्रू बहुतेक पुस्तिकांत स्पष्ट दिलेला असतो आणि पाव फेऱ्यानेही वागणूक बदलते. फिरवण्यापूर्वी त्याची आत्ताची जागा फोटो काढून नोंदवा. पकड फार कमी झाली की लिव्हर बंद करतानाच शॉट सुटू शकतो. म्हणून ट्रिगरचं कुठलंही काम करताना सिलिंडर बाहेर, आणि नंतरची पहिली चाचणी टार्गेटकडे तोंड करून, नळी रिकामी ठेवून. लिव्हर बंद करताना एकदा जरी आपोआप सुटलं तर ते पिस्तूल रेंजवर आणायचं नाही, सरळ सर्व्हिसला.

ट्रिगरला हात लावलाच तर वजन पुन्हा मोजा. एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅम. नळी उभी धरून वजन उचललं गेलं पाहिजे, आणि तपासणीच्या वेळी हवेचा चार्ज चालू असायला हवा, कारण ड्राय फायरवर वजन वेगळं भरतं. नवी स्प्रिंग थोडी बसते. 500 वर काट्यावर ठेवलेला ट्रिगर महिन्याने 495 भरला तर इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेआधीच्या साधनांच्या तपासणीला) अडकता. 515-520 ठेवा.

विदर्भ_पिस्तूल
इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवाल्यांसाठी: हेच लक्षण असेल तर आधी बॅटरी, मग बॅटरीच्या पत्र्यांवरचा हिरवट थर, मग लिव्हरखालचा संपर्क. पिस्तूल महिनाभर ठेवून द्यायचं असेल तर बॅटरी काढून ठेवा.

स्पर्धेत बिघाडाची किंमत किती असते हे 25 जुलै 2021 ला टोकियोत सगळ्यांनी पाहिलं. महिलांच्या 10 मीटर पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात मध्येच बिघाड झाला, दुरुस्तीत बराच वेळ गेला, 575 गुण आणि 12 वा क्रमांक. फायनल 8 जणींचीच. 60 शॉटला 75 मिनिटं असतात, त्यातली पंधरा-वीस गेली की उरलेला प्रत्येक शॉट घाईचा होतो. त्याच मनूने 2024 ला पॅरिसमध्ये त्याच प्रकारात कांस्य घेतलं, पण जिल्ह्याच्या स्पर्धेतल्या मुलांना दुसरी संधी इतकी सहज मिळत नाही. म्हणून नव्या पिस्तुलाचे लाड न करता, स्पर्धेच्या आधीच त्याचे सगळे दोष बाहेर काढा. किटमध्ये भरलेला दुसरा सिलिंडर, ओ-रिंगचा संच, अॅलन की, सफाईची दांडी आणि बॅटरी हव्यातच.

सांगली_नेमबाज
आकडे आले. सुटा सिलिंडर: रात्रीत वजनात फरक नाही. पिस्तुलाला लावून: लावण्या-काढण्याची हवा वजा करून 1.6 ग्रॅम कमी. टेकूवरून, ग्रिप घट्ट केल्यावर: चारही ग्रुप गोल, उभा ताण नाही.

म्हणजे खाली जाणारे शॉट ग्रिपचे होते. गळती खरी आहे आणि ती पिस्तुलाच्या बाजूला आहे. आता ओ-रिंग बदलून बघू का?

दाबमापक
छान मोजलंत. 1.6 ग्रॅम म्हणजे साधारण 13 बार, सुरुवातीच्या अंदाजाशी जुळतं.

जोडणीची बाहेरून दिसणारी ओ-रिंग बदलायला हरकत नाही. पुस्तिकेत ती वापरणाऱ्याने बदलायची म्हणून दिलेली असते आणि पेटीत जास्तीची येते. त्याआधी साबणपाणी करा. वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ ब्रशने फक्त सिलिंडर आणि फ्रेमच्या जोडावर. बुडबुडे वाढत असतील तर तीच ओ-रिंग. तिथे काही नसेल तर नळीच्या मागच्या तोंडाशी, लिव्हर उघडा ठेवून, टिश्यूची पातळ पट्टी धरा. ती हलली तर फायरिंग व्हॉल्व्ह गळतोय. तो तुमचा प्रांत नाही. काम झाल्यावर सगळं पुसून कोरडं करा.

ओ-रिंग काढायला सुई किंवा टाचणी नको, खोबणीला ओरखडा पडतो. लाकडी टूथपिक. नवी बसवताना सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. हायड्रॉलिकच्या दुकानातून मापाने आणणार असाल तर आतला व्यास आणि जाडी यांच्याबरोबर कडकपणाही विचारा. पुस्तिकेत 90 शोअर (रबराच्या कडकपणाचं माप) सांगितलेली असताना दुकानदार 70 ची मऊ देतो, ती बसते छान, पण 200 बारला खोबणीच्या फटीत ढकलली जाऊन कापली जाते. सिलिंडर हातानेच घट्ट करा, पाना नको.

सांगली_नेमबाज
जोडावर बुडबुडे नाहीत. टिश्यूची पट्टी हलते, सतत, हळू.

दाबमापक
मग ठरलं, फायरिंग व्हॉल्व्हची बैठक. कदाचित कारखान्यातला धातूचा कण किंवा तेलातली घाण. सिलिंडर लावून लक्ष्याच्या दिशेने, छर्रा न घालता दहा-वीस चार्ज केलेले शॉट मारा. कण असेल तर कधी उडून जातो. त्यानंतर पुन्हा एक रात्र वजन. सुधारलं नाही तर सर्व्हिस.

करवीर_रेंज
सर्व्हिसला पाठवताना "प्रेशर लीक आहे" एवढं लिहू नका. पिस्तुलाचा आणि सिलिंडरचा क्रमांक, बिलाची प्रत, दोन्ही रात्रींची वजनं, साबणपाण्याचा निकाल, पट्टी हलतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, ग्रिपचा बोल्ट स्वतः घट्ट केल्याची नोंद. एवढं असलं की "आमच्याकडे ठीक चाललं" असं उत्तर यायची शक्यता कमी. सगळं ईमेलवर, फोनवर नाही. विक्रेत्याने टोलवाटोलवी केलीच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे, तिथे हीच कागदं लागतात.

रत्नागिरीकर
कुरिअरसाठी: सिलिंडर पूर्ण रिकामा करा. भरलेला सिलिंडर विमानाच्या मालात चालत नाही आणि जमिनीवरूनही पाठवू नये. रिकामा करताना कंपनीने दिलेला ब्लीड स्क्रूच वापरा, चेहरा बाजूला, हळूहळू, व्हॉल्व्हवर बर्फ धरू लागला तर थांबा. व्हॉल्व्हचा भाग दाब असताना पान्याने सोडवायचा नाही. नळीत फ्लॅग, पिस्तूल मूळ पेटीत, सिलिंडर वेगळा गुंडाळून. आत एक कागद टाका: एअर पिस्तूल, 4.5 मिमी, मझल एनर्जी 20 जूलपेक्षा कमी. आपल्या आर्म्स रूल्स 2016 नुसार एवढ्या क्षमतेच्या एअर वेपनला परवाना लागत नाही, पण गोदामात पेटी उघडणाऱ्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही. 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 150 मीटरने म्हणजे सुमारे 6 जूल. हा हिशोबही त्याच कागदावर लिहा, सोबत बिलाची प्रत आणि रायफल असोसिएशनचं ओळखपत्र.

सांगली_नेमबाज
वीस शॉटनंतर रात्रीची घट 1.6 वरून 1.5. म्हणजे कण नाही. पेटी भरतोय. सर्व्हिसकडून कोणता भाग बदलला हे लेखी मागून इथेच टाकतो. परत आल्यावर हीच दोन रात्रींची वजनं पुन्हा घेईन, तेही टाकेन. सर्वांचे मनापासून आभार.

स्नेहल_10एम
माझ्याकडून: खटका मधोमध होता. शेवटपर्यंत दाबल्यावर एकदाही छर्रा अडकला नाही. ट्रिगरचं वजन 505 भरलं, 520 करून घेते.